कापसाच्या खोलीतलं दहावं गाणं

बसा भाऊ, बसा ताई. चहा मांडायचा असन तं मांडून या, मी थांबतो. आज तुमाले एक गोष्ट सांगतो, अन् पुरी सांगतो.

हे माह्याच घरी झालं. कोनाच्या साळ्याच्या मित्राची ऐकीव गोष्ट नाही.

गेल्या डिसेंबरातला शनिवार. दुपारचे पावनेदोन. मुकुटबनच्या अलीकडं आमचा तांडा, त्यातलं शेवटचं घर फुलचंद राठोडचं. म्हंजे माहं.

लोकं म्हंतात भूत रातीचं निंगते. माह्या घरी भर दुपारी झालं. आंगनात कोंबड्या फिरत होत्या, दोरीवर लुगडे वाळत होते.

मी चवथीतून शाळा सोडली. लिहनं जमत नाही. मी बोलतो अन् किराना दुकानवाला शाम मोबाईलवर टाईप करून राह्यला. त्याच्याच ओट्यावर बसलो. माह्या घरात बसून हे सांगता आलं नसतं...

काहून, ते पुढं समजन.

तं उज्ज्वला म्हंजे माह्या लहान्या भावाची पोरगी. भाऊ पुन्याले बांधकामावर गेला तो तिकडंच राह्यला. पोरगी तिकडंच वाढली. मले मोठेबाबा म्हंते. आमाले लेकरू नाही, तं मी अन् माही बायको संगीता, आमी तिलेच आपलं मानतो.

दिवाळी झाल्यावर पोरगी एका हातात गिटार अन् पाठीवर लॅपटॉप घेऊन आली. नोकरीवरून सुट्टी काढून.

"मोठेबाबा, माझा पहिला अल्बम करायचाय. दहा गाणी. लिहिली मी, गाणार मी, वाजवणार मी, रेकॉर्डही मीच करणार."

म्या म्हनलं, "मंग आमी का करू? पाहुनचार?"

"टाळ्या वाजवा."

"कोन्त्या गान्याचा अल्बम हाये? भजन?"

ते हासली. म्हने, "पॉवर पॉप म्हणतात त्याला. गिटार जोरात, चाल गोड, तीन मिनिटांत खेळ खलास."

एक वाजवून दाखवलं. तुमाले सांगतो, मले आवडलं. चाल अशी का दुसऱ्यांदा आपल्याच तोंडात येते. आमच्या बंजाऱ्यायच्या गोरबोलीतले शब्द, आपले वऱ्हाडी शब्द, अन् मधात टाळ्या. संगीता चुलीपाशी बसून मान हालवाले लागली.

पन आमच्याकडं रेकॉर्ड कसं कराव? रस्त्यानं ट्रक. दुपारी खदानीचा सुरुंग. कोनाचा बकरा वरडते, कोनाची मोटार.

तवा तिनं कापसाची खोली पाह्यली.

तुमच्या घरी कापूस असन तं तुमाले माहीत हाये. यंदा सगळ्यायनंच घरात भरून ठेवला. आमची मांगची मातीची खोली छतापर्यंत भरलेली. दारात उभं राहून बोललं का शब्द तोंडातच मरते. परत येत नाही.

उज्ज्वलानं दारात उभं राहून एक टाळी वाजवली.

काहीच नाही आलं.

"मोठेबाबा, लोक अशा खोलीसाठी किती खटपट करतात," ते म्हने. तिचे डोळे चमकत होते.

आमी कापसात गुहा केली. दोन खाटा उभ्या केल्या, वरतून बांबू टाकले, संगीताचे जुने लुगडे ताणले. मधात एक मानूस गिटार घेऊन उभं राहीन इतकी जागा. लॅपटॉपच्या पंख्याचा आवाज येते म्हनून लॅपटॉप बाहेर, माह्या खाटेवर. वायर दाराखालून आत. दाराची एक खोड, आपोआप उघडते. म्हनून ते आत गेली का मी बाहेरून कडी लावाचो.

मी घरीच होतो. टाचेत रॉड टाकलेला, गाडी चालवनं बंद. तं लाल बटन दाबाचं काम मले भेटलं.

तिले बाहेरचं ऐकू येत नव्हतं, तं एक सुतळी बांधली. एक टोक तिच्या हातात, दुसरं माह्या मनगटाले.

एक झटका, बटन दाब.

दोन झटके, बंद कर.

तीन झटके, दार उघड.

असं काम सुरू झालं. आधी गिटार. मंग ते कानात ऐकत दुसरी गिटार. मंग ढोलकासारखं काहीतरी. मंग आवाज, मंग आवाजावर अजून आवाज. लॅपटॉपवर एकाखाली एक पट्टे दिसत, वावरातल्या कापसाच्या ओळीसारखे. एकल्या पोरीचं गानं, पन ऐकाल तं वाटन चार-पाच जनाची पार्टी हाये.

टाळ्यायले मले आत घे. "मोठेबाबा, तुम्ही चुकीच्या जागी वाजवता."

"माहा हात स्टेरिंगवर बसलेला हाये बाई. वळन दिसलं का फिरते."

तिसऱ्या गान्यापासून झालं ते.

टाळ्या आमी दोघायनंच वाजवल्या होत्या. संध्याकाळी ऐकत बसलो. टाळी... अन् टाळीच्या मांगं बारीक खळखळ.

बांगड्यायची.

उज्ज्वलाच्या हातात घड्याळ. माह्या हातात कडंही नाही.

"छान लागतंय," ते म्हने. "राहू दे."

पाचव्या गान्यात आवाज आला.

तिनं मांगचा सूर दोनदा गायला होता. ऐकताना तीन निंगाले. तिसरा खालचा. भरलेला. नाक वाहत असताना कोनी गावं तसा.

"माझाच असेल, हेडफोनमधून माइकमध्ये गेला असेल," असं म्हनून तिनं एक पट्टा बंद केला. दुसरा बंद केला. गिटार बंद, ढोल बंद, तिचा आवाज बंद. सगळे पट्टे बंद.

अन् तरी...

तरी ते एकटी बाई गात होती.

उज्ज्वला घाबरली नाही. आजकालचे पोरं यंत्राले दोष देतात. "काय टोन आहे मोठेबाबा. हा मी सगळ्या गाण्यांत ठेवणार."



मी तो आवाज ओळखला होता.

बिजली. माही मोठी बहीन. एकोनीस वर्षाची होती, मी सतरा. लग्न आठ दिवसावर आलतं अन् ते ढावलो शिकत होती.

आमच्या गोर बंजाऱ्यायत नवरी सासरी जाताना रडत रडत गाते, त्याले ढावलो म्हंतात. त्याले चाल असते, बोल असतात. एखादी जुनी बाई, आमच्या तांड्यात भुरीबाई, आधी सूर काढते, मांगून नवरी धरते. मंग नवरी एकेकाच्या गळ्यात पडते. याडीच्या, म्हंजे मायच्या. बापूच्या. भावाच्या. ज्याच्या गळ्यात पडली त्यानं पाठ थोपटून निरोप द्याचा... "जा बाई, आपल्या घरी सुखी राह." निरोप भेटला का ते हात सोडते, पुढच्याकडं जाते.

बिजलीले लोकायसमोर रडाची लाज वाटे. म्हनून ते मांगच्या खोलीत जाऊन शिके. तवाही तिथं कापूसच होता.

एक दिवस कापूस घसरला.

कापसात आवाज मरते, सांगतलंच तुमाले. दोन दिवस आमी तिले नाल्यानं शोधत होतो, आदिलाबादेपर्यंत मानसं धाडले. ते दहा पावलावर होती.

पोरगी बिनानिरोपाची गेली.

हे मी उज्ज्वलाले सांगाले पाह्यजे होतं. नाही सांगतलं. सांगतलं असतं तं ते दुसऱ्या दिवशी पुन्याले गेली असती. पस्तीस वर्षानं आमच्या घरात कोनी गुनगुनत होतं भाऊ. संगीता दोन पोळ्या जास्त टाकत होती.

अन् खरं सांगू? मलेही तो आवाज अजून ऐकाचा होता.

नऊ गाने झाले. रविवारी कापसाची गाडी येनार होती, खोली खाली होनार होती. दहावं गानं शनिवारीच कराव लागनार होतं.

शनिवारी सकाळी म्या इचारलं, "हे कोन्तं गानं व्हय?"

"ढावलो घेतलाय मोठेबाबा. भुरीबाईकडून चाल घेतली. ती नाहीच म्हणत होती, हळूच फोनवर रेकॉर्ड केली. आता फास्ट करून टाळ्या टाकल्यात. बघा, सगळ्यात भारी हेच होणार."

माह्या हातातला कप तिथंच राह्यला.

"बिनालग्नाच्या पोरीनं ढावलो गात नाही बाई."

"का?"

"गात नाही."

"का पण?"

इतकंच सांगाचं होतं, 'काहून'. तेवढं तोंडातून निंगालं नाही. ते म्हने, "तुम्ही पण ना," अन् सुतळीचं टोक घेऊन आत गेली.

म्या कडी लावली. माह्याच हातानं.

संगीता वावरात वेचाले गेलती. सारा तांडा वावरात. मी, कोंबड्या, अन् लॅपटॉप.

एक झटका आला. लाल बटन दाबलं. कानाले हेडफोन लावला.

गिटार सुरू झाली, झपझप. टाळ्या. उज्ज्वलाचा आवाज, मस्त, हसरा. पयलं कडवं गेलं. मंग ते ढावल्यावर आली.

याडी ये...

दुसरा आवाज लगेच आला. खालून.

बापू रे...

दोघी संग गात होत्या. मंग मले समजलं, गिटार तितक्याच झपाट्यानं धावून राह्यली, पन आवाज मंद होऊन राह्यला. चाल सोडून. खऱ्या नवरीवानी, दम घेत, हुंदके देत.

आता दोन आवाज नव्हते.

एकच होता. खालचा.

तेवढ्यात खदानीचा सुरुंग झाला. खिडकीची पट्टी थरथरली.

माह्या मनगटाले झटका बसला.

एक... दोन... तीन.

मी उठलो. टाच ठनकली. कडी काढली, दार ओढलं.

समोर कापूस.

गुहा नव्हती. खाटा नव्हत्या. खालपासून वरपर्यंत पांढरी भिंत, अन् तिच्यात माही सुतळी घुसलेली. ताणलेली.

"उज्ज्वला..."

शब्द तोंडातच मेला.

मी दोन्ही हातानं कापूस ओढत आत घुसलो. एकदा एक पोरगी गेली होती याच खोलीत. दुसरी जाऊ देनार नव्हतो. नाकात तंतू, डोळ्यात तंतू. सुतळी धरून पुढं सरकत गेलो. मंग ध्यानात आलं, आता मले मांगचं दार दिसून राह्यलं नव्हतं.

उजेडच नव्हता. पांढऱ्या कापसात काळाकुट्ट अंधार.

मांगं हात नेला. कापूस.

वर नेला. कापूस.

दम कोंडला. मी वरडलो असन. मले माहंच ऐकू आलं नाही.

अन् सुतळी संपली.

तिथं हात होता. गरम. त्यानं माहं मनगट धरलं, अन् पोरगी माह्या गळ्यात पडली. जोरात. ओले गाल माह्या मानेले लागले. ते गातच होती, माह्या कानात... साऱ्या अंधारात तेवढंच ऐकू येत होतं.

वीरा रे... वीरा...

वीरा म्हंजे भाऊ. मले कळाले पाह्यजे होतं. उज्ज्वला मले मोठेबाबा म्हंते.

पाठीवर बांगड्या रुतत होत्या. तेही कळाले पाह्यजे होतं.

पन माह्या डोक्यात एकच होतं, पोरगी भेटली. जिवंत भेटली. म्या तिची पाठ थोपटली अन् मनाले आलं ते बोललो.

"नको रडू बाई. चाल. घरी चाल."

गानं थांबलं.

एकदम.

तुमाले एक सांगाचं राह्यलं. आमच्या तांड्यात ढावलो गानाऱ्या नवरीले 'जा' म्हंतात. 'चाल घरी' कोनी म्हनत नाही. दारूत टुन्न मानूसही नाही म्हनत. भुरीबाई सांगे, तसं म्हनलं का मंग ते ना तिकडची, ना इकडची. तुमचीच.

गानं थांबलं, पन हात सुटले नाही.

"मोठेबाबा?"

मांगून आवाज आला. स्वच्छ.

"मोठेबाबा, कोणाशी बोलताय?"

मी मान वळवली. दोन पावलावर दार होतं. उन्ह होतं. उन्हात उज्ज्वला उभी होती, हातात पान्याचा गिलास.

मी गुहेत गुडघ्यावर बसलो होतो. खाटा जाग्यावर. लुगडे जाग्यावर. एक बोंडही हाललेलं नाही. माहे हात समोर कोनाले तरी धरल्यावानी गोल.

"तू... तू कवा निंगाली?"

"तीन झटके दिले, तुम्ही दार उघडलं, मी तुमच्या बाजूनंच बाहेर आले. पाणी प्यायला गेले. तुम्ही आत कशाला घुसलात?"

म्या तिले डोक्यावरून, गालावरून हात फिरवून पाह्यलं. कोरडे होते गाल.

माही मान ओली होती.

रविवारी गाडी आली, कापूस गेला. सोमवारी उज्ज्वला गेली. जाताना म्हने, "मोठेबाबा, जरा जोरात बोला ना, ऐकू येत नाही."

तिथून सुरू झालं.

आमची खोली आता खाली हाये. झाडून-सारवून घेतली. रिकाम्या खोलीत आवाज घुमाले पाह्यजे. घुमत नाही. भांडं पडलं तं आवाज नाही. संगीता दारातून हाक मारते, तिचे ओठ हालताना दिसतात. आता साऱ्या घरातच तसं झालं. आमी दोघं हातवारे करून बोलतो. संगीता एकदा शामच्या ओट्यावर येऊन रडली, म्हने रडल्याचा आवाज तरी ऐकू येते इथं.

अन् मानेवर वजन.

वणीच्या डॉक्टरनं तपासलं, म्हने स्नायू आखडला. त्यानं पाठीवरचे वळ पाह्यले अन् माह्या बायकोकडं पाह्यलं. बांगड्यायचे वळ होते, कोपरापर्यंत घातल्यावर पडतात तसे. ताजे.

तिथून परत येताना समजलं. जाताना गळा आवळत गेला. तांड्यापासून जितका दूर, तितका घट्ट. वणीले तं मी कुत्र्यावानी जीभ काढून बसलो होतो. येताना फाट्यावर वळलो का ढिला. घरात पाय टाकला का अजून ढिला. म्या तिले घरी चाल म्हनलं होतं. आता ते मले घराबाहेर जाऊ देत नाही. शामच्या ओट्यापर्यंत जमते. त्याच्यापुढं नाही.

असं नका समजू का म्या निरोप देऊन नाही पाह्यला. खाटेवर बसून रोज म्हंतो, "जा बिजली, आपल्या घरी सुखी राह." पन निरोप ढावलो चालू असतानाच देता येते. अन् ते आता गात नाही. त्या दुपारपासून एक सूर नाही. नुसती धरून हाये. एखाद-दोनदा झोपेत वाटते का ते खुश हाये... तेच जास्त लागते मनाले.

भुरीबाईले म्हनलं, तू सूर काढ, ते मांगून धरन. भुरीबाईनं माह्या खांद्याच्या मांगं एकदा पाह्यलं अन् आपल्या पोराकडं कळंबले निंगून गेली. तिच्याशिवाय आमच्या तांड्यात कोनाले येत नाही आता.

मी कसाही राह्यलो असतो भाऊ. बहीनच हाये. बावन वर्षाचा झालो, कुठं जाचं हाये मले?

पन आठ दिवसाखाली उज्ज्वलाचा मेसेज आला. शामनं वाचून दाखवला.

"मोठेबाबा, मागचा आवाज सगळ्या गाण्यांतून गेलाय. दहाच्या दहा. फाइल त्याच आहेत, पण तो आवाज नाही. त्याच्याशिवाय अल्बम रिकामा वाटतो. मी होळीला येते. परत त्याच खोलीत करू."

म्या शामकडून लिहून घेतलं, येऊ नको. सारं सांगतलं, बिजलीचंही. तिनं हासनारं तोंड धाडलं. अन् खाली लिहलं, "मग तर येतेच."

ते येईन. खोलीत जाईन. बिजलीले माह्या मानेवरून तिच्या मानेवर जाले किती वेळ लागते, मले माहीत नाही.

म्हनून तुमाले बसवलं भाऊ.

तुमच्या तांड्यात, तुमच्या वळखीत ढावलो काढनारी एखादी जुनी बाई असन. दिग्रसकडं असन, पुसदकडं असन, किनवटकडं असन. जिनं सूर काढला का नवरी आपोआप मांगून धरते, अशी. तिले माह्याबद्दल सांगा. लपवू नका, सारं सांगा, मंग यावंसं वाटलं तं यावं. दारातून हाक मारू नये, आमाले ऐकू येनार नाही. सरळ आत यावं, माह्यासमोर बसावं, अन् सुरू कराव. आमाले नाही ऐकू आलं तरी बिजलीले येईन, ते मांगून धरन, अन् मी 'जा' म्हनीन.

होळीच्या आधी तेवढी बाई पाठवा.